सरोवराचा श्वास मोजणारे आचार्य

भर उन्हाळ्यात खोल विहिरीत सूर मारणारास एक अनुभव हटकून येतो. वरचे पाणी कोमट असते. पण काही हात खाली जाताच अंगावर शहारे येतात. ह्या गारव्याकडे आपण गंमत म्हणून पाहतो. परंतु खोल जलाशयातील अशा गारव्यात असंख्य जीवांच्या जीवनमरणाचा प्रश्न दडलेला असतो. तो ज्यांनी जन्मभर अभ्यासिला, त्या एडवर्ड बर्ज ह्यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

बर्ज ह्यांचा जन्म ७ सप्टेंबर १८५१ रोजी अमेरिकेतील ट्रॉय ह्या गावी झाला. १८७५ साली ते विस्कॉन्सिन विद्यापीठात अध्यापक झाले आणि १८७८ साली त्यांनी हार्वर्डची डॉक्टर ही पदवी संपादन केली. विस्कॉन्सिन विद्यापीठ मेंडोटा नावाच्या सरोवराच्या काठीच वसले आहे. पाण्यातील पिसवांएवढे चिमुकले प्राणी हा बर्ज ह्यांच्या आवडीचा विषय. जुलै १८९४ ते डिसेंबर १८९६ ह्या काळात त्यांनी मेंडोटातील निरनिराळ्या खोलींवरचे हे प्राणी मोजले. तेव्हा एक कोडे पुढे आले. उन्हाळ्यात हे सारे जीव वरच्या थरातच दाटी करीत. खालचे विस्तीर्ण, थंड पाणी जवळजवळ ओसाड असे.

वस्तुतः थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो. शून्य अंश उष्णतामानाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे १४ मिलिग्रॅम, तर २५ अंशांच्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम विरघळू शकतो. मग थंड तळाकडे जीवांनी पाठ का फिरवावी?

उत्तर थरांमध्ये होते. उन्हाने तापलेले पाणी हलके होऊन वर तरंगते व थंड, जड पाणी तळाशी राहते. दोहोंच्या मध्ये उष्णतामान झपाट्याने उतरते. ह्या मधल्या थरास बर्ज ह्यांनी ‘थर्मोक्लाइन’ हे नाव दिले. वारा वरचे पाणी घुसळतो, त्यास हवेतील प्राणवायू मिळतो. पण हा मधला पडदा त्यास खाली जाऊ देत नाही. इकडे वरून मेलेले शेवाळ व जीव तळाशी पडत राहतात. ते कुजताना तेथला प्राणवायू खर्ची पडतो आणि नवा येत नाही. कोठार मोठे असले, तरी आवक थांबल्यावर ते रिकामे व्हायचेच! शरद ऋतूत वरचे पाणी निवते, वाऱ्याने सारे सरोवर ढवळले जाते, तेव्हाच तळ पुन्हा श्वास घेतो.

चॅन्सी जूडे ह्या सहकाऱ्यासह बर्ज ह्यांनी विस्कॉन्सिनमधील अनेक सरोवरांतील विरघळलेले वायू मोजले आणि १९११ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. हे सर्व विद्यापीठाचा कारभार सांभाळून! १९१८ ते १९२५ ह्या काळात ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. पण विश्रांती न घेता ते पुन्हा सरोवरांकडेच वळले. ९ जून १९५० रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज धरणांच्या खोल जलाशयांनाही हेच ज्ञान लागू पडते. तळाशी प्राणवायू संपला, की गाळातील लोह व मँगनीज पाण्यात उतरतात, पाण्यास दुर्गंधी येते. आणि असे पाणी नदीत सोडले, तर खालच्या मासळीचा जीव गुदमरतो. म्हणून पाणी कोणत्या खोलीवरून घ्यावे, ह्याचा विचार करावा लागतो. समशीतोष्ण प्रदेशांतील शेकडो सरोवरांच्या नोंदी पडताळल्या असता १९८० पासून खोल पाण्यातील प्राणवायू घटत चालल्याचे २०२१ साली दिसून आले. प्रश्न जुना असला, तरी मिटलेला नाही.

विद्यार्थिमित्रांनो, बर्ज ह्यांनी आपल्या दाराशी असलेले सरोवर वर्षानुवर्षे मोजले आणि त्यातून जगाला उपयोगी पडणारे शास्त्र उभे राहिले. वरून निळेशार दिसणारे पाणी आत गुदमरत असू शकते. ते ओळखण्यास खोलवर उतरून पाहण्याची चिकाटी हवी. ती चिकाटी तुम्हांस लाभो, एवढीच आमची इच्छा.