तुरुंगवारी केलेला मर्केटर तुमच्या मॅपिंग सॉफ्टवेअरमध्ये काय करतोय?

क्यूजीआयएससारखं सॉफ्टवेअर उघडलं, मागे ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावला आणि त्यावर गावाच्या हद्दीची शेपफाइल ओढून टाकली, की खाली उजव्या कोपऱ्यात एक नंबर दिसतो. ईपीएसजी ३८५७. याचंच नाव वेब मर्केटर. बहुतेक जण तिकडे बघतही नाहीत. पण हा मर्केटर कोण?

गेरार्ड मर्केटरचा जन्म ५ मार्च १५१२ रोजी आजच्या बेल्जियममधल्या रुपेलमोंडे गावात झाला. वडील बूट शिवायचे. घराण्याचं आडनाव क्रेमर, म्हणजे व्यापारी. त्याचंच लॅटिन रूप मर्केटर. लुव्हेनच्या विद्यापीठात शिकल्यावर तो गणित आणि तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरण्याचं काम शिकला. पृथ्वीगोल बनवून त्याने नाव कमावलं.

१५४४ मध्ये मात्र धर्मद्रोहाच्या आरोपाखाली त्याला पकडलं. सात महिने तो कैदेत होता. त्याच धरपकडीत सापडलेल्या काहींना मृत्युदंड झाला. मर्केटर वाचला. १५५२ मध्ये तो जर्मनीतल्या डुइसबर्गला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

तिथेच १५६९ मध्ये त्याने १८ तुकड्यांचा जगाचा नकाशा छापला. तो होता खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जहाज चालवलं, तर तो मार्ग या नकाशावर सरळ रेषेत येतो. त्यासाठी गोल पृथ्वी सपाट करताना विषुववृत्तापासून लांबचा भाग पूर्व-पश्चिम जितका ताणला जातो, तितकाच त्याने उत्तर-दक्षिणही ताणला. कोन बरोबर राहिले, क्षेत्रफळ फुगलं. म्हणून सुमारे २२ लाख चौरस किमीचं ग्रीनलँड ३३ लाखांच्या भारतापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. यात मर्केटरचा दोष नाही. त्याने हा नकाशा जमीन मोजायला बनवलाच नव्हता.

खलाशांच्या सोयीची ही पद्धत पुढे वेबवर आली. उत्तर कायम वर, रस्त्यांचे कोन बरोबर आणि जग चौकोनी टाइल्समध्ये बसतं. म्हणून थोड्या बदलाने गुगल मॅप्सनेही तीच घेतली.

खरा घोळ होतो फाइल हाताळताना. ३८५७ मध्ये सेव्ह केलेल्या फाइलवर सरळ सपाट गणिताने क्षेत्रफळ काढलं, तर पुण्याच्या अक्षांशावर ते सुमारे ११ टक्के जास्त येतं. दहा एकरांचं शेत अकरा एकरांच्या वर जातं. भरपाईचा किंवा मोजणीचा प्रश्न असेल तर एवढा फरक भांडण लावायला पुरेसा आहे.

उपाय सोपा आहे. फाइल यूटीएममध्ये एक्स्पोर्ट करायची. पुण्या-मुंबईसाठी झोन ४३, नागपूरसाठी ४४. लेयरला नुसतं नवं लेबल लावून चालत नाही, त्याने आकडे तेच राहतात आणि शेत भलतीकडेच जाऊन पडतं. गंमत म्हणजे यूटीएममधला एम सुद्धा मर्केटरचाच! तीच पद्धत, फक्त आडवी फिरवलेली आणि अरुंद पट्ट्यांपुरती वापरलेली.

म्हातारपणी मर्केटर सगळे नकाशे एका ग्रंथात आणत होता. १५९० मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. २ डिसेंबर १५९४ रोजी तो गेला, तेव्हा काम अर्धवट होतं. पुढच्या वर्षी मुलगा रुमोल्डने ग्रंथ छापला. त्याला मर्केटरने दिलेलं नाव होतं ॲटलस. नकाशांच्या पुस्तकाला हे नाव पहिल्यांदा त्यानेच दिलं. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक तालुक्याचा वेगळा नकाशा एका झटक्यात काढून देणारी सोय आहे, तिचं नावही तेच.