संत मोनिका : न थकलेली आई

आपल्या कित्येक घरांत एखादी प्रार्थना वर्षानुवर्षे चाललेली असते. नवऱ्याचे व्यसन सुटावे, दुरावलेला मुलगा पुन्हा मिस्साला यावा म्हणून कोणी रोज रोझरी करते, कोणी नोव्हेना करते. तरी काही बदलत नाही. मग मनात येते, देव आपले ऐकतो तरी का? २७ ऑगस्टला आपण जिचा सण साजरा करतो, त्या संत मोनिकानेही असाच काळ काढला होता.

मोनिकाचा जन्म इ. स. ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील तागास्ते येथे झाला. हे गाव आजच्या अल्जेरिया देशात येते. ख्रिस्ती घरात वाढलेल्या मोनिकाचे लग्न पॅट्रिशियस या अख्रिस्ती माणसाशी झाले. तो तापट आणि बाहेरख्याली होता. मोनिकाने धीर सोडला नाही. आयुष्याच्या अखेरीस पॅट्रिशियसने बाप्तिस्मा घेतला.

तिचे मोठे दुःख होते मुलाचे. ३५४ साली जन्मलेला ऑगस्टीन अतिशय हुशार होता. शिकण्यासाठी तो कार्थेजला गेला. तेथे तो एका स्त्रीबरोबर लग्नाशिवाय राहू लागला व त्यांना एक मुलगाही झाला. पुढे एकोणिसाव्या वर्षी तो मानी पंथाच्या नादी लागला. मोनिकाने एका बिशपांना विनवले की, त्याला समजावून सांगा. त्यांनी नकार दिला. मुलगा अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याच्यासाठी केवळ प्रार्थना कर, असे सांगून त्यांनी तिला परत पाठवले.

३८३ साली ऑगस्टीनने रोमला जायचे ठरवले. मोनिका किनाऱ्यापर्यंत त्याच्या मागे गेली. आपण एका मित्राला निरोप द्यायला थांबलो आहोत, असे खोटे सांगून त्याने तिला जवळच्या संत सिप्रियन यांच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली. मुलाला जाऊ देऊ नकोस, म्हणून ती रात्रभर रडून देवाला विनवत होती. सकाळी पाहते तो जहाज निघून गेलेले!

तिने आक्रोश केला, मुलाला दोष दिला. पण त्याच मुलासाठी ती पुन्हा प्रार्थनेला लागली. रोममध्ये तो आजारपणात मरणाच्या दारी पोहोचला, हे तिला कळलेसुद्धा नाही. तिची प्रार्थना मात्र थांबली नव्हती.

रोमहून ऑगस्टीन मिलानला गेला. तेथे बिशप संत अँब्रोस यांची प्रवचने ऐकून त्याच्या मनातील गाठी सुटू लागल्या. मोनिकाही समुद्र ओलांडून तेथे पोहोचली. ३८७ च्या पास्काच्या रात्री संत अँब्रोस यांच्या हस्ते ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या मानी पंथात शिरण्याला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती.

आम्हांला त्या किनाऱ्यावरच्या रात्रीचा विचार करावासा वाटतो. देवाने मोनिकाचे त्या रात्रीचे मागणे मान्य केले असते, तर ऑगस्टीन मिलानला गेला असता का? तिची छोटी प्रार्थना नाकारली गेली आणि त्याच वाटेने मोठी प्रार्थना ऐकली गेली. पण त्या सकाळी तिला यातले काही दिसत नव्हते. तिच्यासमोर फक्त रिकामा समुद्र होता. तिची श्रद्धा खरी दिसते ती तिथे.

त्याच वर्षी, मायदेशी परतताना, रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात मोनिका वारली. वय ५६. आपल्याला कोठेही पुरा, पण प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण ठेवा, एवढीच तिची इच्छा होती. ऑगस्टीन पुढे हिप्पोचा बिशप झाला. त्याचा सण आईच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑगस्टला येतो.

मोनिकाने उत्तर डोळ्यांनी पाहिले. आपल्यापैकी काहींना ते या जन्मी दिसणारही नाही. देवाजवळ रडावे, तक्रारही करावी. पण त्याच्याशी बोलणे सोडू नये. या रविवारी मिस्साला येताना आपली ती जुनी प्रार्थना पुन्हा एकदा वेदीपाशी घेऊन येऊ या.

संत मोनिका, आम्हांसाठी विनंती कर.