पिवळ्या बाटलीचे नागेश्वरराव

आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखाचं ऊन तापायला लागलं की अर्धशिशीवाल्यांचे हाल सुरू होतात. जालना, अंबड, परतूर, कुठल्याही गावी जा. एखाद्या घरात तरी कुणीतरी डोक्याला फडकं करकचून आवळून अंधाऱ्या खोलीत पडलेलं असायचं. मुलांनी आवाज करायचा नाही, रेडिओ लावायचा नाही. सुंठ उगाळून कपाळावर लेप द्यायचा. तेवढ्यानं भागलं नाही, की फडताळातून ती छोटी बाटली निघायची. पिवळं मलम, झणझणीत वास, डोळ्यांतून पाणी. अमृतांजन!

ही बाटली ज्यानं आपल्या घरात आणली, त्या माणसाचं नाव मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. काशीनाथुनी नागेश्वरराव. माणूस तेलुगू, पण बाटली जन्मानं मुंबईकर.

नागेश्वरराव १८६७ साली कृष्णा जिल्ह्यात जन्मले. मच्छलीपट्टणला शिकले, पुढे मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून १८९१ साली पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी खुर्ची सहज मिळायची. ह्यांना ती नको होती. कलकत्त्याला जाऊन त्यांनी औषधांच्या धंद्यात उमेदवारी केली, मग मुंबई गाठून नोकरी धरली. आणि १८९३ साली, सव्विसाव्या वर्षी, स्वतःचं मलम बाजारात आणलं. किंमत दहा आणे. तेव्हाच्या मानानं ती काही स्वस्त म्हणता येणार नाही. मग त्यांनी शक्कल लढवली. गाण्याच्या मैफलींतून ते हे मलम फुकट वाटत, असं सांगतात. रात्र रात्र जागून गाणं ऐकणाऱ्यांची डोकी सकाळी ठणकणारच! गिऱ्हाईक नेमकं कुठं सापडेल, हे या गृहस्थाला बरोबर कळलं होतं.

मी उमेदीची सगळी वर्षं बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. एकच वस्तू, मुलूख परका, त्यातून माल फुकट वाटायची भाषा. असा अर्ज टेबलावर आला असता, तर मी दहा प्रश्न विचारले असते. या माणसानं मात्र त्या एका बाटलीवर लाखो रुपये मिळवले.

आता थोडं बाटलीत काय असतं ते पाहू. अशा बामांत पुदिन्याचं सत्त्व म्हणजे मेंथॉल, कापूर, निलगिरी आणि गंधपुऱ्याचं तेल असतं. मेंथॉल कातडीखालच्या गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. मेंदूला वाटतं, कपाळ थंड झालं! त्या गारव्यात ठणका थोडा मागे सरतो. साध्या डोकेदुखीला हा दिलासा पुरतो. खऱ्या अर्धशिशीला पुरेलच असं नाही, कारण तिचं मूळ कातडीत नाही, आत मेंदूत आणि त्याच्या मज्जातंतूंत आहे.

त्या मुळापर्यंत जाणाऱ्या औषधांचा इतिहास वेगळा. आपल्याकडे बाजरीच्या कणसांवर अरगट पडतो ना, त्याच कुळातल्या, राय धान्यावर वाढणाऱ्या बुरशीतून १९१८ साली स्वित्झर्लंडमध्ये अर्गोटामाइन वेगळं काढलं गेलं. कळ थांबायची, पण जास्त घेतलं तर हातापायांचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती. सुमाट्रिप्टान १९९१च्या सुमारास आलं. कळ येऊच नये म्हणून रोज घ्यायचं प्रोप्रॅनोलॉल मुळात हृदयविकाराचं औषध. दम्याच्या रोग्याला ते चालत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच. आणि घरोघरी सांगायला हवं ते हे, की साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यातून पंधरा-पंधरा दिवस महिनोन्महिने घेत राहिलं, तर गोळीच डोकं दुखवू लागते. बामाचं तसं नाही. म्हणूनच बिचारा फडताळात टिकून आहे.

पण नागेश्वररावांना नुसतं धनिक व्हायचं नव्हतं. १९०७ साली ते सुरतेच्या काँग्रेसला गेले. जहाल-मवाळांची फूट तिथंच पडली. देशात एवढं घडतंय आणि आपल्या माणसांना ते आपल्या भाषेत वाचायला मिळत नाही, ही बोच त्यांना लागली. मुंबईत तेलुगू माणसं थोडी नव्हती. कामाठीपुऱ्याचं नावच निजामी मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलेलं. १९०८ साली मुंबईतून ‘आंध्र पत्रिका’ हे साप्ताहिक निघालं. खर्च अर्थातच मलमाचा. १९१४ साली त्यांनी बिऱ्हाड मद्रासला हलवलं आणि साप्ताहिकाचं दैनिक केलं. १९२४ साली ‘भारती’ हे वाङ्मयीन मासिक, १९२६ साली ‘आंध्र ग्रंथमाला’. वाचनालयांना सढळ मदत केली. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, तर तिथं बसून गीतेवर तेलुगूत भाष्य लिहिलं. लोक त्यांना विश्वदाता म्हणू लागले.

१९३७च्या नोव्हेंबरात मद्रासच्या त्यांच्या ‘श्रीबाग’ या घरी किनारी आंध्र आणि रायलसीमेचे पुढारी एकत्र बसले. वेगळं आंध्र राज्य झालं तर विद्यापीठ, पाणी, राजधानी यांची वाटणी कशी करायची, याचा करार तिथं झाला. तोच ‘श्रीबाग करार’. आणि योगायोग पाहा, त्याच १९३७ साली निजामी राज्यातल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन आपल्या परतूरला भरलं, गोविंदराव नानल अध्यक्ष होते. राज्यकारभार उर्दूत, लोक मराठी बोलणारे. तिकडे तेलुगू, इकडे मराठी. दुखणं एकच होतं. फरक इतकाच, की परतूरच्या मंडळींपाशी अमृतांजनाचा कारखाना नव्हता.

करारानंतर पाचच महिन्यांनी, ११ एप्रिल १९३८ रोजी नागेश्वरराव गेले. त्यांचं दैनिक १९९१पर्यंत चाललं. कंपनी अजून चालू आहे. मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या मैलापूर भागात त्यांच्या नावाची बाग आहे. आपल्याकडे खंडाळ्याच्या घाटात मलमाच्या जाहिरातीवरून ओळखला जाणारा अमृतांजन पूल होता, तो एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना पाडून टाकला. मुंबई-पुण्याच्या लोकांना त्या पुलाचं फार वाईट वाटलं. तेलुगू भाषकांचं वेगळं आंध्र राज्य १ ऑक्टोबर १९५३ला झालं, तेव्हा नागेश्वरराव जाऊन पंधरा वर्षं उलटली होती.