आकाशातली ऊ

माझे वडील सुतार. शाळेचे तोंड त्यांनी फारसे पाहिले नाही, पण त्यांनी केलेल्या बैलगाडीचा दाखला गावात कोणी मागितला नाही. म्हणूनच की काय, आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाविषयी वाचले, तेव्हा तो मला घरचाच वाटला.

मिन्येचा जन्म १८९३ सालचा. पेशा रेडिओचा, वेड मात्र विमानाचे. कारखान्यातली विमाने महाग आणि चालवायला कठीण. मग साध्या माणसाने उडावे कसे? त्याने स्वतःच विमाने बांधायला घेतली. कित्येक फसली. चौदावे मात्र १० सप्टेंबर १९३३ रोजी उडाले. लाकूड, कापड, छोटेसे इंजिन आणि पुढेमागे दोन पंख. पायांना काम नाही; सारी मदार हातातल्या एका दांड्यावर. नाव काय, तर ‘पू द्यु सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ!

१९३४ साली पुस्तक लिहून त्याने आपली कृती सर्वांसाठी खुली केली. पुढच्याच वर्षी त्याने या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. शेकडो हौशी लोक घरोघरी करवत घेऊन बसले.

आणि मग अपघात सुरू झाले. विमान सूर मारी, ते पुन्हा वर येत नसे. माणसे मेली. १९३६ मध्ये फ्रान्स व इंग्लंडमध्ये वातबोगद्यात तपासणी झाली, तेव्हा दोष कळला. नाक खाली गेल्यावर दांडा मागे ओढला, की दोन्ही पंखांमधील फट अरुंद होई, मागच्या पंखाची उचल वाढे आणि नाक खालीच राही. इंग्लंडमध्ये या विमानावर बंदी आली. मिन्येने रचना सुधारली, पण गेलेले जीव परत थोडेच येणार? तरीही १९६५ साली मरेपर्यंत त्याने विमानांचा नाद सोडला नाही.

कारखान्याच्या नमुन्याला कसून चाचण्या झाल्यावरच प्रमाणपत्र मिळते. आज अनेक देशांत घरी बांधलेल्या विमानालाही परवानगी मिळते, पण प्रत्येक विमान वेगळे तपासून.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही हकीकत वडिलांना सांगितली. मला वाटले, ते मिन्येची बाजू घेतील. ते म्हणाले, नवी गाडी देण्याआधी मी ती दगडांनी भरून ओढ्याच्या उतारावरून नेतो, हे तुला माहीत नाही का?

खरेच, मला माहीत नव्हते. दाखला कोणी मागितला नव्हता; परीक्षा मात्र ते दर वेळी देत होते.