दिव्य गुरु दोमिंगोस

फुटबॉलच्या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. गोल वांचविणाऱ्याची आठवण फारसें कोणी ठेवीत नाहीं. ब्राझील देशांतील दोमिंगोस दा गिया हा ह्या नियमाला ठळक अपवाद होय.

रिओ द जानेरो शहराच्या बांगू नांवाच्या उपनगरांत १९१२ सालीं त्याचा जन्म झाला. त्या देशांतील गुलामगिरी १८८८ सालीं कायद्यानें नष्ट झाली होती. तरी वर्णभेद लोकांच्या मनांतून गेला नव्हता, आणि फुटबॉल हा धनिक गोऱ्यांचा खेळ मानला जाई. बांगू येथें मात्र कापडाची मोठी गिरणी होती व तिच्या आश्रयानें निघालेल्या संघांत काळ्या कामगारांनाही प्रवेश मिळे. त्याच संघांतून दोमिंगोस पुढें आला. काळ्या खेळाडूचा धक्का कोणास लागल्यास त्याला मैदानावरच मार बसतो, हें त्यानें लहानपणीं पाहिलें होतें. म्हणून अंगास अंग न भिडवितां चेंडू काढून घेण्याची कला त्यानें साधली. तिच्यांतील पदन्यास आपण सांबा नृत्यापासून घेतला, असें तो पुढें सांगत असे.

इतर बॅक चेंडू मिळतांच दूर भिरकावून देत. दोमिंगोस आपल्याच गोलासमोर, अंगावर धांवून येणाऱ्या फॉरवर्डास हुलकावणी देऊन, चेंडू शांतपणें सहकाऱ्याच्या पायीं पोंचवी. लोक त्यास 'दिव्य गुरु' म्हणूं लागले. उरुग्वेचा नासिओनाल, रिओचा वास्को द गामा व आर्जेंटिनाचा बोका ज्युनिअर्स हे तीन देशांतील संघ १९३३ ते १९३५ ह्या अवधींत त्याच्या साहाय्यानें अजिंक्य ठरले.

परंतु १६ जून १९३८ रोजीं ह्या शांत पुरुषाचा तोल गेला. फ्रान्समधील मार्सेय येथें जागतिक स्पर्धेचा उपांत्य सामना इटलीशीं चालला होता. ब्राझील एका गोलानें मागें असतां, चेंडू दूर असतांना, दोमिंगोसनें पिओला ह्या फॉरवर्डास लाथ मारली. पेनल्टी किकवर मेआत्सानें गोल केला आणि ब्राझीलचा २-१ असा पराभव झाला.

ह्या ठपक्यानें तो खचला नाहीं. फ्लामेंगो संघास त्यानें १९३९, १९४२ व १९४३ सालीं रिओचें अजिंक्यपद मिळवून देण्यास हातभार लावला. पुढें कोरिंथियन्सकडून खेळून अखेरीस तो बांगूच्याच संघांत परतला. त्याचा पुत्र आदेमीर हाही नामांकित खेळाडू झाला व १९७४ च्या जागतिक स्पर्धेंत खेळला. १८ मे २००० रोजीं दोमिंगोस निवर्तला.

विद्यार्थिमित्रांनो, अनेक वर्षांच्या अभ्यासानें मिळविलेला संयमही क्षणांत सुटूं शकतो, हें ह्या चरित्रांत दिसतें. तसेंच तो पुन्हां मिळवितां येतो, हेंही दिसतें.