उशिराचे कारण मांडणारे हेन्री गँट

पूल असो, रुग्णालयाची इमारत असो की दरडीखाली गेलेल्या गावाचे पुनर्वसन, मोठ्या कामाच्या आढावा बैठकीत हल्ली एक पडदा हमखास उजळतो. डावीकडे कामांची यादी, वर तारखा आणि मध्ये जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या आडव्या रंगीत पट्ट्या. सॉफ्टवेअर कोणतेही असले तरी पट्ट्या त्याच. त्यांना गँट चार्ट म्हणतात. ज्यांचे हे नाव, ते हेन्री लॉरेन्स गँट १९१९ मध्येच गेले. संगणक तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

गँट यांचा जन्म २० मे १८६१ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात, एका सधन जमीनदार घरात झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि गुलामांच्या श्रमावर उभी असलेली ती सुबत्ता युद्धाबरोबर संपली. हेन्रीची रवानगी बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनोघ शाळेत झाली. गरीब मुलांसाठीची ही निवासी शाळा होती आणि शिक्षणाबरोबर शेतावर राबणेही तिथे आलेच. पुढे १८८० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची पदवी घेऊन ते आपल्याच शाळेत शिकवायला परतले. तीन वर्षे त्यांनी मास्तरकी केली. मग यंत्र अभियांत्रिकी शिकून १८८४ मध्ये अभियंता झाले. ही मास्तरकी त्यांच्या अंगात शेवटपर्यंत मुरलेली होती, हे पुढे दिसतेच.

१८८७ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात लागले. तिथे त्यांना फ्रेडरिक टेलर भेटले. हातात घड्याळ घेऊन कामगाराच्या प्रत्येक हालचालीला किती वेळ लागतो हे मोजणारे आणि त्यावरून कामाचे प्रमाण ठरवणारे हेच ते टेलर. दोघांनी बरीच वर्षे बरोबर काम केले, पुढे बेथलेहेम पोलाद कारखान्यातही. पण मजुरीच्या प्रश्नावर गँट यांनी वेगळी वाट धरली. टेलर यांच्या पद्धतीत ठरलेले काम पुरे न करणाऱ्याला प्रत्येक नगामागे कमी दर मिळे, म्हणजे मागे पडलेल्याला दुहेरी फटका. गँट यांनी १९०१ मध्ये बेथलेहेममध्ये नवी पद्धत आणली. रोजची मजुरी पक्की. काम वेळेत पुरे झाले तर वर बोनस. शिवाय कामगाराने बोनस मिळवला की त्याच्या मुकादमालाही काही रक्कम, आणि हाताखालच्या सगळ्यांनी मिळवला तर आणखी जास्त.

हा साधा बदल वाटतो, पण यात मुकादमाची भूमिकाच बदलली. तोवर त्याचे काम ओरडण्याचे होते. आता मागे पडलेल्याला शिकवण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. कामगाराला हाकू नये, शिकवावे, हा विचार गँट यांनी १९०८ मध्ये एका निबंधातून अभियंत्यांपुढे ठेवला. जुन्या मास्तराला तो सुचावा यात नवल नाही.

कोणाला बोनस मिळाला हे कळण्यासाठी ते रोज तक्ता भरत. एका ओळीत एक कामगार. बोनस मिळवला त्या दिवशी काळी खूण, हुकला त्या दिवशी लाल. तक्ता सर्वांना दिसेल असा ठेवायचा. पुढे या तक्त्यांवर कारणाची अक्षरेही आली. माल नव्हता तर एक अक्षर, हत्यार बिघडले तर दुसरे, सूचना मिळाल्या नाहीत तर तिसरे, कामगार नवखा असेल तर चौथे. महिनाभराच्या खुणा समोर आल्या की बराचसा उशीर कामगाराच्या आळसाचा नसून माल, हत्यारे आणि सूचना वेळेवर न देणाऱ्या व्यवस्थापनाचा आहे, हे लपवता येत नसे. माझ्या मते गँट यांचे खरे योगदान हेच. पट्ट्या काय, कोणीही काढल्या असत्या. काढल्याही होत्या, पोलंडचे अभियंता कारोल अदामिएत्स्की यांनी १८९६ मध्येच तशी मांडणी केली होती. पण त्यांचे काम बाहेरच्या जगाला कळायला १९३० चे दशक उजाडले.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि गँट सरकारी कामाला लागले, आधी दारूगोळ्याच्या आणि मग जहाजबांधणीच्या. सरकारी नोंदींत किती नग मागवले, किती आले, एवढेच असे. गँट यांनी आडव्या अक्षावर तारखा घातल्या. बारीक रेघ म्हणजे ठरलेले काम, जाड रेघ म्हणजे झालेले, आणि वर आजच्या तारखेची खूण. जाड रेघ खुणेच्या मागे राहिली की काम मागे आहे. मग अहवाल वाचत बसायला नको.

हे आपल्याकडे लावून पाहू. महाड तालुक्यातील तळीयेच्या कोंढाळकर वाडीवर २२ जुलै २०२१ रोजी डोंगर कोसळला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. नव्या घरांचे काम म्हाडाकडे सोपवले गेले आणि वाचलेली कुटुंबे तोवर कंटेनरच्या घरांत राहिली. अशा पुनर्वसनाचा चार्ट काढायला बसले की पहिल्या पट्ट्या बांधकामाच्या नसतातच. नवी जागा दरडीपासून सुरक्षित आहे का, हे भूवैज्ञानिकांनी पाहायचे. मग भूसंपादन, मोजणी, सपाटीकरण, रस्ता, पाणी. त्यानंतर कुठे पाया आणि जोते. आणि कोकणात जून ते सप्टेंबर हा पट्टा जवळजवळ रिकामाच सोडावा लागतो. त्यामुळे मे महिन्यातला पंधरा दिवसांचा उशीर हा पंधरा दिवसांचा राहत नाही. मिरगाआधी पाया झाला नाही तर चार महिने गेले, आणि कुटुंबाचा आणखी एक पावसाळा पत्र्याखाली. पुणे जिल्ह्यातील माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळली. नवे गाव लोकांच्या हाती आले २ एप्रिल २०१७ रोजी. मध्ये किती पावसाळे गेले, ते मोजून पाहावे. घर गमावलेल्या, माणसे गमावलेल्या कुटुंबांसाठी तो काळ झोपेचा, लहान मुलांच्या आजारपणाचा, पावसाच्या आवाजाने दचकण्याचा असतो. आरोग्याच्या स्तंभात या पट्ट्यांना जागा द्यायची ती म्हणूनच.

गँट यांच्या रेघांत एक उणीव होती. एक काम अडले की पुढची कोणती अडणार, हे त्या सांगत नसत. ती उणीव भरून निघाली १९५७-५८ मध्ये, ड्यू पाँट कंपनीने आणि अमेरिकी नौदलाने संगणकावर कामांची साखळी मांडायला घेतली तेव्हा. सगळ्यांत लांब साखळी शोधायची, कारण तिच्यातला एक दिवस चुकला तर शेवटची तारीख चुकते. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये गँट यांच्या पट्ट्या आणि ही साखळी एकत्र आहेत. तळीयेसारख्या कामात पावसाळ्याचे महिने सुट्टी म्हणून एकदा भरले की भूसंपादनाची तारीख पुढे सरकवताच घराच्या चावीची तारीख आपोआप पुढच्या वर्षात उडी मारते.

गँट २३ नोव्हेंबर १९१९ रोजी अल्पशा आजाराने गेले, वय ५८. अखेरच्या वर्षांत त्यांचे कारखानदारांवरचे टीकेचे शब्द बरेच धारदार झाले होते. उद्योग समाजाच्या सेवेसाठी आहे, केवळ नफ्यासाठी नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांचे सहकारी वॉलेस क्लार्क यांनी १९२२ मध्ये पुस्तक लिहून चार्ट जगभर पोहोचवला. १९२९ मध्ये त्यांच्या नावाचे पदक सुरू झाले आणि पहिले पदक मरणोत्तर त्यांनाच दिले गेले.

सॉफ्टवेअरमध्ये मूळ ठरलेल्या तारखा वेगळ्या जपून ठेवण्याची सोय असते. त्यांना बेसलाइन म्हणतात. काम मागे पडले की पट्टी लाल दिसते. काही ठिकाणी मग बेसलाइनच नवी घेतली जाते, आणि पुढच्या बैठकीत पडदा पुन्हा हिरवागार. उशिराचे कारण लिहायला चौकटही असते. गँट यांच्या कारकुनांना ती रोज संध्याकाळी भरावी लागे.