लीळाकार पंडित म्हाइंभट

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळांचे स्मरण आज आपण ज्या ग्रंथाच्या आधारे करतो, त्याचे कर्ते पंडित म्हाइंभट हे सराळे गावचे शास्त्रव्युत्पन्न ब्राह्मण. गणपती आपयो हे त्यांचे विद्यागुरू आणि श्वशुरही. विद्येबरोबर विद्येचा अभिमानही त्यांच्या ठायी होता. वाद करण्याच्या हेतूने ते डोमेग्रामी स्वामींच्या सन्निधानी आले आणि तेथे तो अभिमान गळू लागला. पुढे लीळा लिहिताना हा प्रसंग झाकण्याची संधी त्यांच्याच हाती होती. परंतु इतर कोणा भेटीस आलेल्या गृहस्थाविषयी लिहावे, तसे त्यांनी स्वतःविषयी लिहिले.

शके ११९६ (इ. स. १२७४) च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. भक्तजन ऋद्धिपुरी श्रीप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे वाजेश्वरीस आचार्य श्रीनागदेव एकांतात लीळांचे स्मरण करीत. हे स्मरण आचार्यांपाशी आहे, परंतु पुढे येणाऱ्यांचे काय, ही चिंता म्हाइंभटांना लागली. आचार्यांच्या अनुमतीने त्यांनी लीळा पुसण्यास आरंभ केला. आचार्यांनी सांगितले ते टिपले. नंतर गावोगाव फिरून, ज्या ज्या स्त्रीपुरुषांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून, ज्याची लीळा त्याच्याच मुखातून ऐकली. आणलेली लीळा पुन्हा आचार्यांपुढे ठेवावी, त्यांच्या संमतीनंतरच ती ग्रंथी घ्यावी, असा त्यांचा क्रम होता.

या श्रमाचा विचार वाचकांनी थोडा थांबून करावा. ज्याला संस्कृतात पांडित्यपूर्ण रचना करणे सहज शक्य होते, तो पंडित साध्या माणसांसमोर बसून त्यांचे बोलणे त्यांच्याच मराठीत उतरवून घेतो. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात होते, कोणी काय पुसले, बाइसांनी काय केले, एवढेच सांगून लीळा संपते. अलंकार नाही, स्तुती नाही, आपले मतही नाही. आम्हा निरूपण लिहिणाऱ्यांना दोन ओळींच्या लीळेवर दोन पाने खर्चल्याशिवाय चैन पडत नाही, हे येथे कबूल केलेले बरे! लेखकाची प्रतिभा नवे निर्माण करण्यात असते, असे सामान्यतः मानले जाते. म्हाइंभटांची प्रतिभा काय घालू नये हे ओळखण्यात दिसते, आणि ते अधिक कठीण आहे असे आम्हांस वाटते. शके १२०० च्या सुमारास सिद्ध झालेला हा लीळाचरित्र ग्रंथ मराठीतील आद्य गद्य चरित्र ठरला. श्रीप्रभूंच्या निर्वाणानंतर त्यांच्याही लीळा म्हाइंभटांनी याच रीतीने संकलित केल्या. केशिराजबासांनी सूत्रपाठ निवडला तोही लीळाचरित्रातूनच.

यादवांचे राज्य बुडाले त्या धामधुमीत मूळ पोथी नष्ट झाली. म्हाइंभटांच्या हातचे एक अक्षरही आज उपलब्ध नाही. तथापि लहान लहान वाक्यांच्या त्या लीळा साधकांच्या कंठी होत्या. हिराइसांसारख्यांच्या स्मरणातून त्या पुन्हा लिहिल्या गेल्या. निरनिराळे पाठ झाले, आणि जेथे सांगणाऱ्यांत भेद पडला तेथे तो भेदही शोध म्हणून नोंदविला गेला. सांगणाऱ्याचे नाव लीळेपाशी ठेवण्याची ही रीत पुढील पिढ्यांनी इतकी जपली की, आज पोथी उघडताच प्रथम त्या सांगणाऱ्यांचीच ओळख होते. म्हाइंभट कोठेतरी मागे, लेखणी घेऊन ऐकत बसलेले असतात.